रद्द करण्याचा शुभ सोहळा

"साहेबांचा फोटो अजून मोठा करा," आमदारसाहेबांचा पीए म्हणाला. साहेबांचं नाक आधीच फूटभर झालं होतं.

मी अंधेरीत फ्लेक्स डिझाइन करते. काम होतं प्रजासत्ताकाच्या वर्धापनाच्या टपाल तिकिटाच्या फ्लेक्सचं. आमच्या भागातलं तिकीटसंग्राहकांचं मंडळ समारंभ करणार होतं. नवं तिकीट लिफाफ्यावर चिकटवायचं आणि त्यावर खास शिक्का मारायचा. शिक्का बसला की तिकीट परत वापरता येत नाही. याला कॅन्सलेशन म्हणतात. सरकारी मराठीत विरूपण.

पहिला शिक्का मारणार होते नाना, माझे वडील. त्यांची सगळी नोकरी पोस्टात गेली. आठवडाभर आधीच त्यांनी पँटला इस्त्री करून ठेवली होती. मग मंडळाला हॉल मिळवायला साहेब लागले आणि शिक्का साहेबांकडे गेला. फ्लेक्सवरून नानांचं नाव मीच काढलं. फार वाईट वाटलं, पण काम होतं.

"विरूपण कोणाला कळतंय, मॅडम? सोपं लिहा ना," पीए म्हणाला.

"मग 'रद्द करणे' होईल."

"झकास. टाका."

तीन ओळी झाल्या. वर मोठ्या अक्षरांत 'प्रजासत्ताक', मध्ये बारीक 'वर्धापन टपाल तिकीट', खाली 'रद्द करण्याचा शुभ सोहळा'. मग युवा नेत्यांचा फोटो आला, साहेबांच्या मेहुण्यांचाही आला. मधली ओळ मेहुण्यांच्या जाकिटाखाली गेली. पीएने प्रूफ पाहिलं ते कोण कोणाच्या वर आहे एवढंच. मी रंग पाहिले. वाचलं कोणीच नाही.

समारंभात स्टेजवर फ्लेक्ससमोर उभं राहून साहेबांनी शिक्का उचलला. पहिल्या रांगेत नाना बसले होते. पत्ता मोठ्याने वाचायची त्यांची जुनी सवय.

"प्रजासत्ताक रद्द करण्याचा शुभ सोहळा," त्यांनी खणखणीत वाचलं. पुढे 'शुभहस्ते' आणि साहेबांचं पूर्ण नाव. मग माझ्याकडे वळून मालवणीत म्हणाले, "अगो, ह्यां खरां काय?"

हॉल हसला. मोबाइल वर झाले. साहेबांनी मागे वळून पाहिलं आणि शिक्का गरम तव्यासारखा खाली ठेवला.

"मी नाही मारत. एखाद्या ज्येष्ठ नागरिकाला बोलवा."

पीए माझ्याकडे बघत राहिला. माझी वाट लागली होती.

नाना तोवर स्टेजवर पोचलेही होते. बाही वर केली, शिक्का पॅडवर टेकवला आणि धप्प! अर्धा तिकिटावर, अर्धा लिफाफ्यावर, तारीख स्वच्छ. "शिक्को असो बसाक व्हयो," ते पीएला म्हणाले. मला रडू आलं.

साहेबांचं काम मला परत मिळालं नाही. तेव्हापासून प्रत्येक प्रूफ मी आधी नानांना दाखवते. ते फोटो बघत नाहीत, फक्त वाचतात.