'इथे नाव लिहा'

माणूस आपल्याच शहाणपणात कसा अडकतो, हे आज माझ्याच तोंडून ऐका.

मी अकोल्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली की हवी ती फाईल शोधून देणारा एक फुकटचा प्रोग्राम मी बाळापूरच्या एका शाळेत बसवून दिला. तो कसा वापरायचा, याची दोन पानंही मराठीत लिहिली. स्वतःवर इतका खूश, की बायकोला बसवून ती वाचून दाखवली. बिचारी छान म्हणाली.

आठवड्याने शाळेच्या क्लार्क वनमालाताईंचा फोन आला.

"भाऊ, आपले रिटायर गुरुजी पेन्शनच्या कामासाठी समोर बसले हायेत. त्यायचं स्कॅन केलेलं सर्व्हिस बुक सापडून नाही राहिलं."

"नाव टाकलं का?"

"टाकलं ना. तीनदा."

"स्पेलिंग नीट बघा."

"भाऊ, माह्या नावाचं स्पेलिंग मले येते."

'इथे नाव लिहा' असं मीच लिहिलं होतं. कोणाचं, ते राहूनच गेलं होतं.

"ताई, फाईलचं नाव. आणि आधी योग्य ठिकाणी जा, असंही लिहिलंय."

"गेली ना. हेडमास्तरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर बसली हाओ मी."

ठिकाण म्हणजे फोल्डर, हेही मी लिहिलं नव्हतं. फोनवर जमेना, तेव्हा बस पकडली.

शाळेत ऐटीत खुर्चीवर बसलो. गुरुजींना म्हटलं, "दोन मिनिटं." माझ्याच कागदात बघून ओळ टाइप केली. काही सापडलं नाही. पुन्हा केली. गुरुजी शांतपणे चष्मा पुसत होते आणि मी स्पेलिंग नीट बघत होतो.

ताई मागून हळूच म्हणाल्या, "भाऊ, हे ज्या फोल्डरात उभं हाय, तेवढंच पाहते काय? स्कॅन तं दुसऱ्या फोल्डरात हायेत."

तेच होतं. फोल्डर बदलला आणि फाईल समोर आली. गुरुजींनी ताईंना हात जोडले. मनातल्या मनात मीही.

मग ताईंना शेजारी बसवून सगळा कागद नव्याने लिहिला. प्रत्येक ओळीला त्या विचारायच्या, "म्हंजे काय?" मला सांगता आलं नाही की ती ओळ खोडायची. इतकं मन लावून माझं लिखाण आजवर कोणी वाचलं नव्हतं.

जुना कागद अमरावतीच्या एका शाळेतही पोहोचला होता; तिथे नवा ताईंच्या नावाने पाठवला. परवा तिथून फोन आला. "सर, ताईंचा कागद लई सोपा हाय. पयलेचा कोनं लिहिला होता? काहीच समजत नव्हतं."

म्हटलं, "होता एक. ताईंनी शिकवलं त्याला. आता बरं लिहितो."