आत्या काय घेते?

कोणत्या देशात कोण किती पितं, हे माझ्या आत्याइतकं ठामपणे सांगणारं माणूस अख्ख्या राहाता तालुक्यात सापडणार नाही, आणि तिनं स्वतः आयुष्यात दारूचा थेंबसुद्धा चाखलेला नाही. तिचा सगळा अभ्यास नाकानं झालेला. लग्नाच्या पंगतीत वाढता वाढता कोणत्या पाहुण्यानं 'घेतलीय' ते ती वासावरून ओळखायची आणि त्याच्या वाटीत मुद्दाम जास्तीचा मठ्ठा ओतायची. पुढे ती लेकीकडे जर्मनीला एक उन्हाळा काढून आली आणि या अभ्यासाला आंतरराष्ट्रीय वळण लागलं. पेरूच्या बागेत खुरपणाऱ्या बायकांना ती सांगू लागली, "आपल्याकडं गडी पित्यात न बाया वास घेत्यात. तिकडं ऐंशीच्या म्हाताऱ्या दुपारच्या अंगणात बसून घेत्यात, न तरनी पोरं बाटलीतनं नुसतं पानी पित्यात. समदं उलटंच हाय." बायका खुरपी टाकून हसायच्या.

अशा या आत्याला घेऊन आम्ही माझ्या मुलीसाठी घोडेगावला मुलाचं घर बघायला गेलो. स्थळ चांगलं होतं, मुलीचं मन बसलं होतं, आणि तोंड जरा आवर असं मी आत्याला गाडीत बजावून ठेवलं होतं. मुलाच्या आईनं अदबीनं विचारलं, "आत्याबाई, तुमी काय घेनार?"

"हितं चहाच," आत्या म्हणाली. "तिकडं मातर शेजारनीसंगं रोज घ्यायची मी."

मुलाच्या वडिलांचा पोह्यांचा घास तोंडापाशीच थांबला. स्थळ गेलं, असं मी धरूनच चाललो.

"ती वाईन घ्यायची, मी सफरचंदाचा रस," आत्या निवांत सांगत होती. "पन तिचा एक नेम. पेल्याला पेला लावताना डोळ्यात बघायचं. न्हाई बघितलं तर रुसायची. आमचे मालक एवढी वर्सं घेऊन घरी आले, पन कधी डोळ्यात बघितलं न्हाई. मान खाली घालून थेट अंथरुनात."

मुलाचे वडील एकाएकी छताचा पंखा न्याहाळू लागले. मुलाच्या आईनं आपला कप उचलला, आत्याच्या कपाला हळूच लावला आणि तिच्या डोळ्यात बघत म्हणाली, "पोरगी द्या आमाला. माझा पोरगा डोळ्यात बघून बोलतोय."

लग्न झालं. परवा राहात्याला गेलो, तर आत्या ओट्यावर एकटीच चहा घेत होती. मीही कप घेऊन बसलो, तिच्या कपाला लावला आणि सवयीनं लगेच प्यायला लागलो.

"बघ की रं," ती म्हणाली.

मी बघितलं. या वयातही आत्याचे डोळे फार सुंदर आहेत. आतोबांनी एकदा तरी बघायला हवे होते.