टोकनकाकूंचे चोवीस खिळे

टोकनकाकू तुमच्याशी बोलत असल्या तरी त्यांची नजर आजूबाजूच्या डोक्यांवरून फिरत असे आणि ओठ किंचित हलत असत. नवख्याला वाटे, बाई जप करताहेत. त्या माणसं मोजत असत. हळदीकुंकवात, लग्नात, बसस्टॉपवर, कुठेही. एकदा आमच्या घरी सत्यनारायणाची आरती चालू असताना त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "एकवीस होते, वीस राहिले. कोण गेलं?" शेजारचे एकजण फोन घ्यायला जिन्यात गेले होते. मी सरकारी सांख्यिकी खात्यात सव्वीस वर्षं काढलेला माणूस, पण ही मोजणी मला कधी सुचली नव्हती.

फरीदाबादला आमच्या सेक्टरमध्ये पावसाळा सरत आला की डेंग्यूची मोहीम निघते. वॉर्ड कार्यालयाकडे माणसं पुरत नाहीत, म्हणून सेक्टरमधलेच चोवीस स्वयंसेवक दर रविवारी जोड्यांनी घरोघर जातात, कूलरमध्ये आणि छतावरच्या टाक्यांमध्ये डासांच्या अळ्या आहेत का ते पाहतात आणि फॉर्म भरून देतात. या चोवीस जणांच्या प्रमुख काकू. माहेर नाशिकचं, पण लग्न होऊन इथे आल्याला चाळीस वर्षं होऊन गेलेली. सगळा सेक्टर त्यांना 'टोकन आंटी' म्हणे. आम्ही तीन-चार मराठी घरं तेवढी 'टोकनकाकू' म्हणत असू.

हे नाव पडलं एका लाकडी पाटीवरून. काका ज्या कारखान्यात होते तिथे फाटकाशी अशी पाटी असे. कामगार आत जाताना खिळ्यावरचं आपल्या नंबराचं पितळी टोकन उचलून खिशात घाली आणि बाहेर पडताना परत लावी. कारखाना बंद पडला तेव्हा सामान भंगारात निघालं, त्यातून काकांनी चोवीस खिळ्यांचा एक तुकडा टोकनांसकट घरी आणला. काका गेल्यावर काकूंनी तो कम्युनिटी सेंटरच्या भिंतीवर ठोकला. सकाळी टोकन घ्यायचं, काम संपलं की लावायचं. नियम एकच, पण त्यात सूट नाही: ज्याचं टोकन त्याच्या हाताने.

आम्ही सुरुवातीला हसलो. "काकू, व्हॉट्सॲपवर 'डन' टाकलं तर चालेल ना?" असं मीच विचारलं होतं.

"चालेल की. तुम्ही घरी बसून टाकाल आणि मी इथे बसून वाचीन. मग कशाला हवी मोहीम, आकडेबाबू?"

तेव्हापासून मी आकडेबाबू झालो.

कोणाला साखर आहे, कोणाला रक्तदाब, कोणाचा गुडघा दुखतो हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि जोड्या त्या त्यावरूनच लावत. तीन मजली घरं गुडघेदुखीवाल्याला कधी मिळाली नाहीत. निघताना प्रत्येकाच्या हातावर लिमलेटच्या चार गोळ्या पडत. उंबऱ्याच्या आत एकट्याने जायचं नाही, आणि घरमालक ओरडला तर उत्तर न देता त्यांना फोन करायचा. मग त्या स्वतः जात. एका गृहस्थाने आमच्यातल्या एका बाईंना फाटकावरून हाकलून दिलं, तेव्हा काकू तिथे गेल्या आणि त्याच फाटकाशी खुर्ची मागून बसल्या. अर्ध्या तासाने तो स्वतःच कूलर रिकामा करून दाखवायला बाहेर आला.

एका वर्षी वॉर्ड कार्यालयाच्या नव्या इन्स्पेक्टरने सुचवलं की नाहीतरी स्वयंसेवक घरोघर फिरतातच, तर दंडाच्या नोटिसाही त्यांनीच वाटाव्यात. काकूंनी कागदांचा गठ्ठा त्याच्याकडे सरकवला.

"ये काम आपके आदमी करेंगे."

"आंटीजी, आदमी हैं कहाँ? और वॉलंटियर तो मुफ्त में मिले हैं."

"काम मुफ्त का है, बेटा. आदमी मुफ्त के नहीं हैं. नोटीस देकर मार कौन खायेगा?"

इन्स्पेक्टर हसला आणि गठ्ठा घेऊन गेला. नोटिसा पुढे वाटल्या गेल्या का, ते मला माहीत नाही. आमच्याकडून गेल्या नाहीत एवढं नक्की.

आता माझी चूक सांगतो. माझे जोडीदार होते डिसूझा, मूळचे वसईचे, निवृत्त ड्राफ्ट्समन, वय अडुसष्ट, मधुमेह. एका रविवारी आमची एकतीस घरं होती. अठ्ठावीस पाहून झाली, तीन बंद. डिसूझांचं घर तिथून जवळ. ते म्हणाले, "अहो, मी असाच घरी सटकतो. माझं टोकन लावून टाका ना, यार." ऊन कडक होतं, त्यांना उलटी पायपीट कशाला, असं वाटून मी टोकन घेतलं. सेंटरवर येऊन दोन्ही टोकनं लावली आणि फॉर्म भरायला बसलो. थोड्या वेळाने उरलेले सगळे आले. चोवीस खिळे, चोवीस टोकनं. मला तर बेरीज जुळल्याचं समाधान होतं.

काकूंनी पाटीकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. ओठ हलले.

"डिसूझांचं टोकन कोणी लावलं?"

"मी. ते परस्पर घरी गेले."

"पोचलेले पाहिलेत?"

"म्हणाले, जातो म्हणून."

"पाहिलंत का, ते विचारतेय."

काकूंनी डिसूझांना फोन लावला, तो त्यांच्या बायकोने उचलला. फोन घरीच चार्जिंगला होता आणि डिसूझा आले नव्हते. आम्हाला एकमेकांचा निरोप घेऊन दीड तास होऊन गेला होता.

मी पाटीवरची टोकनं पुन्हा मोजली, हे लिहायला मला संकोच नाही. काकू मात्र विचारत होत्या, "बंद घरं कोणती? नंबर सांगा." ते माझ्या फॉर्मवर होते. माणूस घरी जाताना वाटेतलं राहिलेलं घर पाहून जाईल, असा त्यांचा तर्क. आम्ही निघालो. पहिल्या घराला अजून कुलूप. दुसऱ्या घरची मंडळी नुकतीच परतली होती, त्यांच्याकडे कोणी आलं नव्हतं. तिसऱ्या घरी आमच्यामागून परतलेला तळमजल्यावरचा भाडेकरू म्हणाला, "हाँ, एक अंकल छत पर गये तो थे. उतर गये होंगे."

उतरले नव्हते. मालक मध्येच येऊन छताच्या दाराला सवयीने आतून कडी घालून पुन्हा बाहेर गेला होता. मी कडी काढली. डिसूझा टाकीच्या तुटपुंज्या सावलीत बसले होते, शर्ट घामाने भिजलेला, हात थरथरत होते, जीभ जड झालेली. साखर उतरली होती. आपल्या चारही गोळ्या त्यांनी सकाळीच वाटेत भेटलेल्या पोरांना देऊन टाकल्या होत्या. काकूंनी पर्स उघडली, एकेक गोळी त्यांच्या तोंडात घातली, पाणी पाजलं. पाच-सात मिनिटांनी डिसूझांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलले: "टाकीत अळ्या आहेत. लिहून घ्या."

आम्ही इतके हसलो की भाडेकरू वर पाहायला आला. काकू हसता हसता जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. त्यांना बसलेलं पाहिलं तेव्हा कळलं, दुपारपासून त्या उभ्याच होत्या.

त्या मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "एकदा कारखान्यात पाळी सुटल्यावर आमच्या यांचा खिळा रिकामा दिसला म्हणून फाटकावरचा माणूस आत शोधायला गेला. हे भट्टीमागे बेशुद्ध पडले होते. कोणी दोस्तीत टोकन लावलं असतं तर?"

दोन वर्षांपूर्वी काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मुलीने त्यांना नाशिकला नेलं. जाताना पाटी माझ्या हवाली केली. डिसूझा म्हणाले, "काकू, आकडेबाबूंना? माझं टोकन ज्यांनी लावलं त्यांनाच?" त्या म्हणाल्या, "हो. ते ही चूक करून बसलेत. बाकीच्यांची अजून व्हायची आहे."

मोहिमेच्या रविवारी संध्याकाळी सहाला त्यांचा फोन येतो. तब्येतीची चौकशी नंतर.

"किती गेले?"

"चोवीस."

"आले किती?"

इथे मी जरा थांबतो. पाटीकडे पाठ करून खोलीभर नजर फिरवतो. डिसूझा चहा ओतत असतात, बिनसाखरेचा. माझे ओठ हलतात, हे बायकोने मला सांगितलं तेव्हा कळलं.

"चोवीस, काकू."

"पाहिलेत?"

"पाहिले."

"बरं," त्या म्हणतात, आणि तिकडे नाशिकला खुर्ची कुरकुरल्याचा आवाज येतो. काकू बसल्या.