सिस्टरच्या खात्यातली गळती

एसटीच्या बाकावर कुणी मोबाईलवर खेळ खेळताना दिसलं की माझी नजर आपोआप त्याच्या अंगठ्याकडे जाते. नोकरी संपली तरी ही सवय सुटलेली नाही, आणि ती लागली एकाच प्रकरणामुळे. बीड जिल्ह्यातल्या माझ्या शेवटच्या नेमणुकीत ते घडलं. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. गुन्हा म्हणून त्याची नोंदही झाली नाही, चौकशी अर्जावरच ते मिटलं. तरी एवढ्या वर्षांच्या नोकरीतलं कोणतं प्रकरण आवडीनं सांगाल असं कुणी विचारलं, तर मी हेच सांगतो.

नावं कुणाचीच घेणार नाही. गाव घाटनांदूरच्या बाजूचं, आठवडी बाजाराचं, एवढं पुरे.

कपिलधारच्या यात्रेचा बंदोबस्त उरकून माझी माणसं नुकतीच ठाण्यात परतली होती. सकाळची हजेरी झाली आणि ठाणे अंमलदारानं एका तरुणाला आत पाठवलं. पुण्यात नोकरी करणारा, नीटनेटका, हातात तक्रारीचा अर्ज आणि बँकेचा खातेउतारा. त्याची आई आमच्या हद्दीतल्या त्या गावात एकटी राहत होती. उपकेंद्राची नर्स म्हणून तिनं सगळी नोकरी याच भागात केली आणि निवृत्तीनंतरही तिथंच राहिली. अख्खा गाव तिला सिस्टर म्हणायचा. मीही तेच म्हणतो.

सिस्टरचे गुडघे गेले होते. ऑपरेशनचं ठरलं म्हणून मुलगा दिवाळीनंतर तिला गावी सोडायला आला आणि पैशाची जुळवाजुळव करायला बँकेत गेला, तर खात्यात अपेक्षेपेक्षा बरीच कमी रक्कम निघाली. उतारा काढला तेव्हा दिसलं की तीन वर्षांपासून पैसे थेंबथेंब जात होते. कधी एकोणनव्वद रुपये, कधी एकशे एकोणसाठ, सणासुदीला चारशे, पाचशे. बहुतेक रक्कम कुठल्यातरी इंग्रजी नावाच्या ऑनलाइन दुकानात गेलेली. अधूनमधून मात्र एक मराठी नाव येत होतं, आणि ते नाव गावातल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानदाराचं होतं.

मुलाचं म्हणणं सरळ होतं. आईला फोनमधलं काही कळत नाही. फोन त्याच दुकानातून घेतला, बँकेचं खातं त्याला जोडून दिलं तेही त्यानंच. त्यानंच चोरी केली. वर मुलानं एक पुरावाही दिला. यंदा दिवाळीत आई पुण्याला होती, तेवढ्या काळात एक रुपयाही गेला नव्हता. म्हणजे चोर गावातच होता.

मला ते पटण्यासारखं वाटलं. त्याच दुपारी एक खबरही आली. बाजारपेठेतल्याच एकानं फोन करून सांगितलं की मोबाईलवाल्यानं यंदा नवी मोटारसायकल घेतली, दुकानाला काचेचं दार बसवलं, हा पैसा कुठून आला ते बघा. खबर देणाऱ्याचं दुकान कुठं आहे, असं मी हवालदाराला विचारलं. तो म्हणाला, समोरच, आणि तोही मोबाईलच विकतो. खबर आणि खार यांचा आवाज फोनवर सारखाच येतो. म्हणून मी ती ऐकून घेतली आणि बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी एका महिला शिपायाला घेऊन मी सिस्टरच्या घरी गेलो. दोन खोल्या, स्वच्छ सारवल्यासारखी फरशी, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि नोकरीत मिळालेली दोन प्रमाणपत्रं. मुलगा शेजारी बसला होता. सिस्टरनं चहा दिला आणि मी जे विचारलं त्याला थोडक्यात उत्तरं दिली. पैसे कसे गेले ते ठाऊक नाही. फोनमधलं आपल्याला कळत नाही. मोबाईलवाल्यावर मात्र आपला संशय नाही, हे तिनं न विचारता दोनदा सांगितलं.

मी फोन बघायला मागितला. तिनं तो उचलला, अंगठा फिरवला आणि दोन-तीन गोष्टी झटझट बंद करून माझ्या हातात दिला. फोन न कळणारं माणूस तो दोन्ही हातांत धरतं आणि एका बोटानं दाबतं. सिस्टरचा अंगठा सरावलेला होता. मुलगा समोर होता म्हणून मी काही बोललो नाही. ज्याच्यापासून लपवायचं असतं तो समोर असताना माणूस कधीच खरं बोलत नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण आहे.

मोबाईलवाल्याला चौकशीसाठी ठाण्यात बोलावलं. पस्तिशीचा, अंगानं किरकोळ माणूस. माझा शिपाई त्याला भर बाजारातून, दुकानाचं शटर ओढायला लावून घेऊन आला होता, ते मला मागाहून कळलं. मी त्याला खुर्ची दिली आणि उतारा पुढे ठेवला. तुझ्या नावावर पैसे का आले, एवढंच विचारलं.

त्यानं उतारा उचलून वाचला आणि म्हणाला, “सायब, मी सिस्टरचा रुपाया खाल्ला न्हाई.”

मग हे काय, असं मी विचारलं.

“ते मला सांगता येत न्हाई.”

मी आवाज चढवला. मुलगा अर्ज मागे घेणार नाही, गुन्हा दाखल झाला तर दुकान बंद पडेल, समोरचा टपूनच बसला आहे, हे सगळं सांगून पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम आला, पण उत्तर बदललं नाही. चोर असं वागत नाही. चोर लगेच काहीतरी सांगतो, आणि विचारलंत त्यापेक्षा जास्तच सांगतो. हा माणूस गप्प बसून स्वतःचं नुकसान करून घेत होता. शेवटी तो एवढंच म्हणाला, “मला काय करायचं ते करा. पर तिला लेकासमोर काय इचारू नका.”

त्याला बाहेर बाकावर बसवलं. हवालदार त्याच भागातला, त्याला गावाची माहिती होती. तो म्हणाला, “साहेब, ह्याची पोरगी पायाळू होती. सिस्टरनं रिक्षा करून ह्याच्या बायकोला अंबाजोगाईला नेलं, ऑपरेशन होईस्तोवर तिथंच बसून राहिली. हा तिचे पैसे चोरणार न्हाई.”

उपकार माणूस विसरतो हेही मी पुष्कळ पाहिलं आहे, त्यामुळे तेवढ्यावर मी थांबलो नाही. उतारा पुन्हा घेऊन बसलो आणि दिवाळीची गोष्ट मनात घोळवू लागलो. मुलगा जो पुरावा म्हणून देत होता तोच मला खटकायला लागला. फोन तर सिस्टरबरोबर पुण्याला गेला होता. मोबाईलवाल्यानं दुकानात बसून खात्यातून पैसे ओढायची काही युक्ती केली असेल, तर सिस्टर पुण्यात असली काय आणि गावात असली काय, त्याला फरक पडायला नको होता. आणि फोन हातात घेऊनच पैसे काढत असेल, तर त्यानं रोज तिच्या घरी जायला हवं. महिला शिपायानं शेजारी विचारणा केली होती. तो महिना महिना तिकडे फिरकत नसे.

म्हणजे पैसे जायचे ते सिस्टर घरात एकटी असताना, आणि थांबायचे ते ती आपल्या माणसांत असताना. हे लक्षात आल्यावर चोर शोधायची गरजच उरली नाही.

मुलाला मी बँकेत शिक्क्याचा उतारा आणायला पाठवलं आणि महिला शिपायाला घेऊन परत सिस्टरकडे गेलो. मोबाईलवाला ठाण्यात बसला आहे आणि तोंड उघडत नाही, एवढंच तिला सांगितलं. कसलाही दम दिला नाही, द्यायची वेळच आली नाही. ती उठून आत गेली, पाणी प्यायली आणि बाहेर येऊन म्हणाली, “मीच खेळते, साहेब.”

मग तिनं फोन उघडून दाखवला. गाव वसवायचा खेळ होता. रस्ते आखायचे, घरं बांधायची, शाळा, बाजार. एक घर बांधून व्हायला खेळात सहा-सहा तास लागतात. थांबायचं नसेल तर पैसे भरायचे, घर लगेच उभं राहतं. पहिल्यांदा तिनं पैसे भरले ते दवाखान्यासाठी. उभ्या नोकरीत गळक्या छपराखाली बाळंतपणं केली, एक तरी चांगला दवाखाना बघावासा वाटला, असं ती हसून म्हणाली. नुसतं बांधकाम असतं तर कदाचित ती कंटाळली असती. पण त्या खेळात पंचवीस-तीस जणांचा एक गट होता, निरनिराळ्या गावांचा. दुपारी सगळे जमायचे, एकमेकांना सामान पाठवायचे, लिहून बोलायचे. सिस्टर गटाची प्रमुख होती. एक दिवस ती दिसली नाही तर दहा जण विचारायचे. बँकेची सेवा बंद असली की मोबाईलवाला त्याच्या फोनवरून भरायचा आणि ती मागाहून त्याला परत पाठवायची. उताऱ्यात त्याचं नाव आलं ते त्यामुळे. कुणाला सांगू नको, अशी गळ तिनंच त्याला घातली होती.

“माझ्यामुळं त्यो ठाण्यात बसला. चला, मी येते,” ती म्हणाली आणि गुडघे धरत चपला घालायला वाकली. इथंच जबाब घेतो, असं मी सांगून पाहिलं. ती ऐकायला तयार नव्हती. जे सांगायचं ते तिला मुलासमोर आणि मोबाईलवाल्यासमोर सांगायचं होतं.

मुलगा बँकेतून ठाण्यात आल्यावर तिनं उभं राहूनच सगळं सांगितलं. किती गेले असतील याचा तिलाही अंदाज नव्हता. पंधरा-वीस हजार असतील, ती म्हणाली. हवालदारानं उताऱ्यावरून बेरीज केली. आकडा सव्वा लाखाच्या पुढे गेला. सिस्टर मटकन बाकावर बसली.

“एवढ्यात दोन म्हशी आल्या असत्या,” ती हळूच म्हणाली.

मुलगा चिडला, आणि ते साहजिक होतं. तू मला एका शब्दानं बोलली नाहीस, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. सिस्टरनं त्याला बोलू दिलं. तो थांबल्यावर म्हणाली, “तू रविवारी फोन करतोस. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, एवढंच इचारतोस. त्यात हे कुठं बसवू?”

तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. रुग्णाला दुखणं समजावून सांगावं तशी ती बोलली. मुलगा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

तेवढ्यात माझं लक्ष हवालदाराकडे गेलं. बेरीज झाल्यापासून तो आपल्या फोनमध्ये काहीतरी खालीवर करत होता. त्याचं तोंड बघून मी विचारलं, काय झालं. तोही म्हणे फावल्या वेळात क्रिकेटचा एक खेळ खेळायचा आणि चांगले खेळाडू घ्यायला कधी पन्नास, कधी शंभर भरायचा. चहापाण्याएवढे पैसे म्हणून त्यानं कधी मोजलेच नव्हते. आता मोजले. रक्कम त्यानं आम्हाला सांगितली नाही, फक्त म्हणाला, “साहेब, गाडीचे दोन्ही टायर आले असते. वर बायकोला साडी.” महिला शिपाई तोंडावर रुमाल धरून हसली. सिस्टरही हसली, आणि शेवटी मुलगाही.

मुलानं अर्ज मागे घेतला. मी जबाब लिहून घेतले, डायरीत नोंद केली, अर्ज निकाली काढला. मोबाईलवाल्याच्या जवळ जाऊन मुलगा हात जोडणार, तोच त्यानं ते हात धरून खाली केले.

कागदावर प्रकरण तिथंच संपलं होतं. संध्याकाळी हवालदार सांगत आला की मोबाईलवाल्याचं दुकान उघडं आहे, पण गिऱ्हाईक फिरकत नाही. सिस्टरचे पैसे खाल्ले म्हणून पोलिसांनी नेलं, अशी कुजबुज बाजारात पसरली होती. समोरच्या दुकानदारानं त्या कुजबुजीला हातभार लावला असणारच.

दुसरा दिवस बाजाराचा होता. ऐन गर्दीच्या वेळी मी वर्दीत, सरकारी गाडी घेऊन गेलो आणि ती त्याच्या दारातच उभी केली. आत जाऊन बसलो. माझा फोन त्याच्यापुढे ठेवला आणि आवाज चिरकतोय, बघ, म्हटलं. त्यानं चहा मागवला, मी सावकाश प्यायलो. लोक थबकून आत बघू लागले. तेवढ्यात मुलाचा हात धरून सिस्टरही आली. तिला खुर्ची द्यायला मोबाईलवाला उठला. तिनं बसल्या बसल्या आपला फोन त्याला दिला आणि दाराबाहेरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की ह्या खेळाला जोडलेलं माझं बँकेचं खातं काढून टाक, खेळ मात्र राहू दे. घरं बांधायला सहा तास लागले तरी चालतील, आता मला घाई नाही. चहा संपेपर्यंत दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती.

पुढे माघात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कमी पडलेले पैसे मुलानं घातले. तोही त्या गटात शिरला आहे आणि आईच्या हाताखाली रस्ते आखतो, असं हवालदारानं मला सांगितलं. हवालदारानं स्वतःचा खेळ सोडला का, ते मी विचारलं नाही.

खेळावर पैसे घालवणं वाईट, असा उपदेश मला करायचा नाही. माणसं तमाशावर घालवतात, पानतंबाखूवर घालवतात. पण वर्षातून एकदा बेरीज मात्र करावी, आणि ती घरच्यांसमोर करावी. लपवलेला छोटा खर्च मोठ्या चोरीसारखा दिसू लागतो आणि तिसऱ्याच माणसाला भोवतो, हे त्या खातेउताऱ्यानं मला दाखवलं.

पोलीस म्हणून मी शिकलो ते वेगळंच. माणसाला ठाण्यात नेताना अख्खा बाजार बघतो. तो निर्दोष सुटून घरी जातो तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. त्या आठवड्यानंतर निवृत्त होईपर्यंत, चौकशीत जो कुणी निर्दोष निघाला त्याला पोचवायला मी जमेल तेव्हा स्वतः गेलो. वर्दीत गेलो, दिवसाउजेडी गेलो आणि त्याच्या दारात चहा पिऊनच परतलो.