पोन्नी शेळी आणि राधेचे मंगळसूत्र

त्या सकाळी सायकलवर बसण्यापूर्वीच माझे मन साशंक होते. देवाच्या लग्नाचे मंगळसूत्र चामड्याच्या बैठकीवर बसून न्यावे की नाही, हे मी कितीतरी दिवस स्वतःला विचारीत होतो. उत्तर मिळत नाही तेव्हा माणूस तोडगा काढतो, तसा मी काढला. वडिलांचे जुने मृगाजिन बैठकीवर बांधले. खाली चामडे, वर मृगाजिन आणि त्यावर मुकटा नेसलेला मी. पत्नी दारातून म्हणाली, "चामड्यावर चामडे घातले की सोवळे कसे होते, ते मला एकदा सांगा." मी मृगाजिनाची गाठ आणखी घट्ट केली.

आमचे घराणे मूळचे तंजावरच्या राजवाड्याच्या आश्रयातले. गोविंदपुरमच्या मठात पोंगलच्या सुमारास राधाकल्याण होते, म्हणजे भजन करीत राधा आणि कृष्ण यांचे लग्न लावतात. त्या लग्नाचे मंगळसूत्र देण्याचा मान आमच्या घराचा. पूर्वी ते सोन्याचे जाई. राज्य खालसा झाले, वाड्याकडून येणारे थांबले आणि सोन्याच्या जागी हळदीच्या दोऱ्यात बांधलेले हळकुंड आले. मान मात्र तसाच राहिला, आणि तो सांभाळायचे काम कुंभकोणच्या मुन्सफ कोर्टात नकला उतरवणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाकडे आले. मी ते फार कडकपणे सांभाळी. दोरा मीच वळायचा, हळकुंड मीच बांधायचे, घरातून मठापर्यंत दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही.

त्या वर्षी आईचे डोळे पूर्ण गेले होते. मोतीबिंदू पिकून एवढा जुना झाला होता की डॉक्टरांनीही हात टेकले. तरी लग्नाला जायचेच, असा तिचा हट्ट होता. मंगळसूत्र बांधण्याआधी ते तबकात ठेवून सगळ्यांपुढे फिरवतात, आणि जो तो त्याला हात लावून आशीर्वाद देतो. आई म्हणाली, "पाहता येत नाही तर नाही, हात तर लावता येतो." आदल्या दिवशी भावजयीबरोबर ती बैलगाडीने पुढे गेली. मला कोर्टाची सुटी लग्नाच्या दिवशीचीच, म्हणून मी सकाळी सायकलने निघणार होतो. आईला आता त्या लग्नातला तेवढा एक स्पर्श उरला होता आणि तो माझ्या हवाली होता.

निघताना पत्नीने पितळी डबी पुढे केली. ती त्या दिवशी बाजूला बसलेली होती आणि डबी फळीवरून तिनेच काढली होती. मी डबी नाकारली. केळीचे कोवळे पान शुद्ध, म्हणून मंगळसूत्र, फुले आणि विड्याची पाने त्यात बांधली आणि ती पुडी सायकलच्या दांडीला लटकवली. डबी तिने पदराने पुसली, एवढेच मी पाहिले.

कालव्याच्या कडेचा रस्ता, दोन्ही बाजूंना पिकलेले भात, समोरून येणारे ऊन. मी नामस्मरण करीत चाललो होतो असे म्हणायला हवे, पण खरे तर मृगाजिन घसरत होते आणि माझे सारे लक्ष त्याकडे होते. एका हाताने ते मागे ओढीत असतानाच केळीच्या बागेतून शेळ्यांचा कळप रस्त्यावर आला. मी ब्रेक दाबला, मृगाजिन सरकले, त्याच्याबरोबर मीही सरकलो, आणि पुढचे चाक एका पांढऱ्या शेळीच्या बरगडीवर बसले. सायकल, शेळी आणि मी एकाच ठिकाणी पडलो.

माझे ढोपर फुटले होते, पण मला दिसत होती ती शेळी. ती एका कुशीवर पाय ताणून निपचित पडली होती. डोळा उघडा, पण हालचाल नाही. देवाच्या लग्नाला निघालो आणि वाटेत जीवहत्या केली. मी तिथेच धुळीत बसलो, तिच्या मानेवर हात ठेवला आणि डोळे मिटले. सोवळ्याची आठवणही राहिली नाही. "विठ्ठला, हिला उठव," मी म्हणालो, "माझे काय हवे ते घे." इतकी सरळ प्रार्थना मी त्यापूर्वी कधी केली नसेन.

हाताखालची मान हलली. शेळी उठल्याचे मला कळले, आणि आनंदाने डोळे भरून आले म्हणून मी ते आणखी घट्ट मिटून घेतले. उघडले तेव्हा शेळी आडव्या सायकलपाशी उभी राहून केळीचे पान खात होती. फुले गेली होती, विडे गेले होते. तिच्या ओठातून पिवळ्या दोऱ्याचे एक टोक लोंबत होते. मी हात पुढे केला, तोवर तेही आत गेले.

"पोन्नी, काय खाल्लेस गं?" मागून आवाज आला. कळपाची मालकीण, एक म्हातारी सवाष्ण, काठी टेकत येत होती. आमच्या मराठी लोकांना इकडे सगळे रायर म्हणतात. ती मला तमिळमध्ये म्हणाली, "रायरे, शेळीला पाडलेत तुम्ही आणि रडताही तुम्हीच?"

"पाट्टी," मी म्हणालो, इकडे आजीला तसेच म्हणतात, "तुझ्या शेळीने राधेचे मंगळसूत्र खाल्ले."

ती इतकी हसली की तिला काठीवर भार टाकावा लागला. "मग हिचेच लग्न लागले म्हणायचे. बोकड कुठला बघितलात?"

मला हसू आले नाही. मी तिला आईचे सांगितले, तबकाचे सांगितले, मुहूर्त जवळ आल्याचे सांगितले. कुंभकोणला परत जाऊन दुसरे आणायला वेळ नव्हता, आणि चाकही वाकले होते. तिने ऐकून घेतले आणि रस्त्यालगतच्या आपल्या झोपडीकडे वळली. "हळकुंडच ना? परसात हळद आहे. सूत कोरे आहे. चला."

मी जागचा हललो नाही. माझ्या मनात काय आले ते तिला न सांगताच कळले असावे. ती वळून म्हणाली, "दरवर्षी मठाच्या फाटकापाशी उभी राहून मी ते लग्न ऐकते. तबक आतल्या आत फिरते, बाहेर येत नाही. राधा गवळ्याची पोर, रायरे. आमची. नवरीकडचे आम्ही, आणि मांडवाबाहेर आम्हीच. आज तिने शेळी पाठवून निरोप दिला असेल, तर मी नाही कशी म्हणू?"

मी तिच्यामागे गेलो. तिने परसातून ओल्या हळदीचा कंद उपटला, धुतला आणि त्याचे एक बोट मोडून दिले. उरलेला कंद दगडावर वाटला. मी सूत मांडीवर वळले, ती त्याला हळद चोळत गेली. दोरा एका टोकाला तिच्या हातात आणि दुसऱ्या टोकाला माझ्या. आम्हां दोघांचेही हात मनगटापर्यंत पिवळे झाले. ती तोंडाने लग्नातले गाणे म्हणत होती, आणि किती तरी वर्षांत पहिल्यांदाच मी ते काम घाबरून न जाता करीत होतो.

वाकडी सायकल ढकलीत मी, शेजारी पाट्टी आणि मागे पोन्नी, असे आम्ही मठात पोचलो. पाट्टी सवयीने फाटकापाशीच थांबली. आत भजनाचे प्रमुख, भागवतर, लग्नाची पदे म्हणत होते. मी मंगळसूत्र तबकात ठेवले आणि तबक फिरू लागले. ते आईपुढे आले. तिची बोटे दोऱ्यावरून फिरली आणि थांबली.

"हे आपले नव्हे," ती म्हणाली. "ओले आहे. काहाला रे, कशामुळे?"

भजन थांबले. सगळे माझ्याकडे पाहू लागले. खोटे बोलणे सोपे होते, पण माझे पिवळे हात समोर होते. मी उभा राहून सगळे सांगितले; मृगाजिन, नाकारलेली डबी, शेळी, पाट्टी आणि तिचे बोलणे. कुणीतरी हसले, कुणीतरी "शिव शिव" म्हटले. भागवतरांनी तबकाकडे पाहिले, मग आईकडे. आईने दोरा सोडला नव्हता.

"भागवतर," ती म्हणाली, "इतकी वर्षे आम्ही नवरीच्या घरच्यांना न विचारता लग्न लावीत आलो. आज माहेरचे मंगळसूत्र आले आहे. माहेरची बाई कुठे आहे?"

"फाटकापाशी," मी म्हणालो.

भागवतर उठले. टाळ हातातच ठेवून ते माझ्यापुढे चालू लागले आणि मी तबक घेऊन त्यांच्यामागे बाहेर आलो. पाट्टीने आधी आपले हात लुगड्याला पुसले. मग हळदीचीच बोटे हळदीच्या दोऱ्यावर टेकवली आणि पुटपुटत आशीर्वाद दिला. तिच्यामागे रस्त्यावर उभ्या असलेल्या किती तरी जणांनी हात पुढे केले. पोन्नीनेही मान लांब केली, तेव्हा भागवतरच म्हणाले, "हिला नको, हिचे झाले आहे," आणि सगळे फाटक हसले. आतून आईच्या हसण्याचा आवाज मला वेगळा ओळखू आला.

फाटकापाशी मला देवाचेच दर्शन झाल्यासारखे वाटले; ते कशाने घडले, हे मी अजून सांगू शकत नाही. मी एवढेच जाणतो की मी "काय हवे ते घे" म्हणालो आणि माझ्याकडून जे घ्यायला हवे होते तेच घेतले गेले. हाताची मूठ सोडल्यावर देव काही हिरावून घेत नाही, मोकळ्या झालेल्या हाताला हळद लावतो, असे मला वाटते. तेव्हापासून दरवर्षी तबक आधी फाटकाबाहेर जाते आणि हळकुंड पाट्टीच्या परसातून येते. ते मी पितळी डबीतून नेतो. डबी फळीवरून काढून माझ्या हातात देते ती माझी पत्नी, मग तो दिवस कोणताही असो.