मजऱ्यावरची पिस्तुलाची मॅच

शुक्रवारी सकाळी अल-खोबर सोडलं, तेव्हा हायवेवर लष्करी ट्रकांची रांग संपता संपत नव्हती. पुढच्या शुक्रवारपर्यंत युद्ध पेटणार, असं आमच्या कंपनीच्या कॅम्पात जो तो म्हणत होता. मी मात्र खुशीत होतो. आज माझी पिस्तूल नेमबाजीची पहिली मॅच होती. युद्ध लागलं की रेंज बंद. म्हणजे जमलं तर आजच.

पिकअप चालवत होते दापोलीचे इक्बालभाई, आमचे इलेक्ट्रिक फोरमन. ते नुसते बघायला येत होते.

रेंज आमच्या कफीलच्या (ज्याच्या नावावर आम्हाला इकामा, म्हणजे राहायचा परवाना, मिळतो तो सौदी मालक) मजऱ्यावर, म्हणजे शेतावर होती. कफील निवृत्त लष्करी अधिकारी, परवानगी त्यांचीच. खजुरांमागे वाळूचा उंच बांध, त्याच्यापुढे पुठ्ठ्याची टार्गेटं आणि लोखंडी पाट्या. एका जागी उभं राहून नेम धरायची ही नेमबाजी नव्हे. इशारा झाला की कमरेचं पिस्तूल काढायचं, पळायचं, आडोशाआडून मारायचं. वेळ आणि नेम दोन्ही मोजतात. शिकवणारा रॅमॉन, कंपनीचा फिलिपिनो सुरक्षाप्रमुख. रिकाम्या पिस्तुलावर त्याने मला महिनाभर घासलं होतं. एक नियम घोकून घेतला होता: नळी कायम बांधाकडे. ती वळली की खेळाडू त्या मॅचमधून बाद.

माझं नाव पुकारलं. रॅमॉन म्हणाला, "मेक रेडी." मी पिस्तूल काढलं आणि कपाळाला लावलं.

आमचे वडील, अण्णा, सुतार. रंधा कपाळाला लावल्याशिवाय लाकडाला टेकवत नाहीत. माझाही हात आपोआप गेला.

"स्टॉप."

नळी आडवी झाली होती, सरळ इक्बालभाईंच्या दिशेने. मॅगझीन चढवलेलं नव्हतं, पण नियम तो नियम.

"हे काय होतं?" रॅमॉनने विचारलं.

"नमस्कार."

"पिस्तुलाला?"

"हत्याराला."

त्याने शांतपणे पिस्तूल काढून घेतलं. मी बाद. इक्बालभाई जवळ येऊन म्हणाले, "नमस्कार त्याला करतोस आणि जन्नतीत मला धाडतोस होय रे?"

बाद झालेल्याने तोंड पाडून घरी जायचं नाही, अशी तिथली रीत. मी टार्गेटांच्या भोकांवर टेप चिकटवत राहिलो, पडलेल्या पाट्या उभ्या करत राहिलो. मग जुम्म्याची नमाज झाली, आणि एकाच मोठ्या थाळ्याभोवती बसून आम्ही कब्सा (मटण घातलेला मसालेदार भात) जेवलो. रॅमॉनने कफीलना सकाळचा प्रकार सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, "मी तोंडाने बिस्मिल्ला म्हणतो. तू पिस्तुलाचा पट्टा बांधण्याआधी काय ते करून घे." मग त्यांनी रॅमॉनकडे पाहिलं.

"मॅच संपल्यावर एकदा पळत नेम मारू दे त्याला," रॅमॉन म्हणाला. "पण स्कोअर धरणार नाही."

मॅच संपली. पट्ट्याला नमस्कार केला, मग बांधला. इशारा झाला. पुढचं तुकड्या-तुकड्यानेच आठवतं: पायाखाली सरकणारी वाळू, मनगटाला बसणारे हिसके, टण्णकन पडणाऱ्या पाट्या. शेवटची पाटी हुकली, परत मारली, पडली. हसू काही केल्या आवरत नव्हतं.

परतताना डोक्यावरून विमानं जात होती. निकालाच्या कागदावर माझं नाव नव्हतं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, पहिला नेमबाज मी, आणि मॅचमधून हाकललेला पहिलाही मीच. पहिली गोष्ट अण्णांना ठाऊकच होती; उरलेल्या दोन्ही कळवायच्या, हे मी गाडीतच ठरवून टाकलं.