भिंतीला कान लावणारी तिखट

प्लंबरच्या धाकट्या मुलीला सगळी गल्ली तिखट म्हणायची. जिभेनं नव्हे हो, कानानं तिखट! बाप लोकांच्या घरात पाण्याची गळती शोधत फिरायचा आणि शाळेला सुट्टी असली की ही त्याच्या मागं शेपटासारखी. भिंतीला कान लावून सांगायची, "बाबा, इथं." बाप फरशी फोडायचा, बहुतेक वेळा पाणी निघायचं. नाही निघालं, की घरमालकीण बापलेकींचा असा काही उद्धार करायची, की विचारू नका.

उगाच कुणाची फरशी फुटायला नको, म्हणून पोरीनं शाळेत एक यंत्र केलं. पाइपाला चिकटवायची चकती, तिला वायर आणि पुढं पडद्यावर एक रेघ. आत पाणी वाहत असलं की रेघ थरथरायची, नसलं की गप निजायची. ते यंत्र शाळेत पहिलं आलं, शहरात आलं, मग साऱ्या देशात आलं. आणि एक दिवस परदेशातून बोलावणं! जगभरातली पोरं आपापले प्रयोग घेऊन जमतात म्हणे तिथं.

आई डोळे पुसत बॅग भरत होती. "तिकडं काय खाशील गं बाई?"

थोरली बहीण म्हणाली, "आई, ती सासरी नाही चालली. आठवड्यात येतेय परत."

सोबत विज्ञानाच्या बाई होत्या. तिथं जाऊन बघतात तर काय, हॉल एवढा मोठा, की या टोकाचा माणूस त्या टोकाला मुंगीएवढा दिसावा. प्रत्येक पोराला एक टेबल, एक फळा, विजेचा एक बोर्ड. गळ्यात नावाची पाटी. पोरं एकमेकांना आपल्या देशाचे बिल्ले वाटत होती. हिच्याकडं कुठले बिल्ले? बॅगेत बापाचे नळाचे रबरी वायसर होते, तेच वाटले. पोरांनी बोटात अंगठ्या म्हणून घातले की! तासाभरात तिखटच्या मैत्रिणी झाल्या.

मग आला तपासनीस. उंच, हातात टेप. फळा मोजला, वायरी हलवून बघितल्या, आणि टेबलाखालची बादली दिसली तसा थबकला. बादलीतलं पाणी छोट्या पंपानं पाइपात फिरवून तिखट यंत्र दाखवणार होती.

"विजेजवळ पाणी चालणार नाही."

"अहो, साधं पाणी आहे ते!" बाई म्हणाल्या.

"साधंही नाही."

नियमात 'द्रव नको' असं लिहिलेलं बाईंनी वाचलं होतं. पण त्यांना वाटलं, ते तेजाब-बिजाबाबद्दल असेल. पाण्याला कोण कशाला बंदी घालेल? बादली रिकामी झाली आणि बाईंचा चेहराही. यंत्र चालतं हे दाखवलं नाही, तर एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात. वर दुसऱ्या दिवशी परीक्षक येणार, तेव्हा शिक्षकांनी हॉलबाहेर थांबायचं.

"तू पाठ केलेलं भाषण कर, बाळ. मोबाइलवर घरचा व्हिडिओ दाखव," बाई म्हणाल्या.

"बघते, बाई," तिखट म्हणाली. पण मनात पटलं नव्हतं. व्हिडिओत काय, कुणीही रेघ थरथरवेल.

तिला वाटलेलं, परीक्षक व्यासपीठावर बसतील. ते आपले टेबलाशी येऊन उभे! एक टकलू आजोबा, एक चष्मेवाल्या बाई, आणि बोलणं सांगायला दुभाषी ताई. तिखटनं सुरुवात केली, "सन्माननीय परीक्षक..." टकलू आजोबांनी हात वर केला.

"ते राहू दे. हे चुकतं कधी, ते सांग."

असं आपल्याकडं कोण विचारतं? चुका झाकायच्याच, हे शिकलेलो आपण. पण तिखट काय झाकणार! "शेजारी मोटर चालू असली की चुकतं. वरच्या मजल्यावर कुणी आंघोळ करत असलं तरी चुकतं."

आजोबा खूश झाले. चष्मेवाल्या बाई मात्र म्हणाल्या, "पण मुळात चालतं, हे कशावरून?"

तिखटनं इकडंतिकडं बघितलं. मागच्या भिंतीवरून पाइप थेट बाथरूममध्ये गेला होता.

"ताई, यांना सांगा, माझ्या टेबलावर पाणी नको, पण तुमच्या भिंतीत आहे ना? चला."

"अगं, परीक्षकांना बाथरूममध्ये कसं नेणार?"

"तुम्ही नुसतं सांगा हो!"

आणि गेले की आजोबा! आतला नळ कधी केसभर उघडायचे, कधी घट्ट बंद करायचे. तिखट बाहेर पाइपाला चकती लावून उभी, आणि दारात चष्मेवाल्या बाई.

"नळ उघडा आहे," तिखट म्हणाली. बरोबर. "बंद." बरोबर. "उघडा."

"चूक," बाई म्हणाल्या. "नळ बंद आहे."

तिनं पुन्हा पडद्याकडं बघितलं. पण रेघ थरथरत होती, आणि रेघेला खोटं बोलून काय मिळणार?

"नळ बंद असेल. पण पाणी वाहतंय. कुठंतरी वाहतंयच."

तेवढ्यात आतल्या संडासाचं दार उघडलं आणि एक जाडेले गृहस्थ विजार सावरत बाहेर आले. मागं फ्लशची टाकी भरत होती, सूं सूं सूं. आजोबा पोट धरून हसायला लागले.

बाई नाही हसल्या. "मग घरात गळती कुठली आणि टाकी कुठली, हे यंत्र कसं ओळखणार?"

"आज नाही ओळखत," तिखट म्हणाली. "मीच थांबते. टाकी भरली की गप होते. गळती गप होत नाही."

सगळे रेघेकडं बघत राहिले. थरथर कमी झाली, अजून कमी झाली, आणि रेघ निजली. बाईंनी तिच्या हातून चकती घेतली आणि स्वतःच पाइपाला लावून बघितली.

दुसरा नंबर आला तिचा. पहिला एका मुलाचा, त्यानं डोळ्यांचा आजार ओळखायचं काहीतरी केलं होतं, आणि तिखटनंच आधी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर सत्कार, हार, फोटो सगळं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मात्र पोरगी संडासाबाहेर यंत्र मांडून बसली, आणि आत थोरली.

"अगं, किती वेळा फ्लश ओढू? हात दुखला माझा! नंबर आला ना एकदाचा?"

"त्या चष्मेवाल्या बाईंनी विचारलेलं अजून राहिलंय. ओढ गं, टाकीची रेघ वेगळी दिसायला लागलीय मला."